जुनी पिकअप उचलायची? आधी खाली आडवं पडून बघा

पावसाळा लागला की आमच्या जुन्नर तालुक्यात पिकअपवाल्यांचा एक प्रश्न हमखास निघतो: गाडी दोन इंच उचलून घेऊ का?

माझी बोलेरो पिकअप 2011 ची. टोमॅटोच्या हंगामात शेतातून नारायणगावच्या बाजारात रोज एक फेरी, पंचावन्न क्रेट, म्हणजे अकराशे किलो. पुढचा रस्ता डांबरी आहे, पण शेतापासून डांबरापर्यंतच्या दीड किलोमीटरला ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडलेल्या. मागच्या जूनमध्ये खालून खर्रर्र आवाज यायला लागला तसा मी फिटरकडे गेलो. तो म्हणाला, "भाऊ, मागं ठोकळे टाकू, तासाभराचं काम." ठोकळे म्हणजे मागचा एक्सल (दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा) आणि पाटे यांच्यामध्ये घालायचे तुकडे; पाटे म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या कमानदार लोखंडी पट्ट्या. मी नको म्हणालो. आदल्या वर्षी लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडणारी कडी) टाकून हात पोळले होते, ते पुढे सांगतो.

घरी आलो, बारदान अंथरलं आणि बॅटरी घेऊन गाडीखाली शिरलो. तुम्हीही हेच करा. गाडी सपाट जागी, चाकांना दगड, जॅक लावायचा नाही. काय घासतंय ते लोखंडच सांगतं. माझ्या गाडीला सगळीकडे चिखलाचं कवच होतं, फक्त मागच्या एक्सलच्या मधोमध डिफरन्शियलचा, म्हणजे इंजिनची ताकद दोन्ही चाकांना वाटणाऱ्या गिअरचा, जो गोळा असतो, त्याच्या बुडाला तळहाताएवढी जागा स्टीलच्या ताटासारखी चमकत होती. सायलेन्सर, डिझेलची टाकी, बंपर, कुठेच ओरखडा नाही.

माझा निर्णय निम्मा तिथेच झाला. पाटे चढवा, ठोकळे टाका, शॅकल लांब करा, त्यानं वर जाते ती चासी आणि बॉडी. एक्सल चाकांना धरून असतो, तो आहे तिथेच राहतो. त्याचा गोळा वर न्यायचा तर टायरच मोठा लागतो, आणि तिथे हिशोब कंजूष आहे. 215/75 आर 15 टायर साधारण 703 मिलिमीटर उंच. 235/75 आर 15 घेतला तर 733. तीस मिलिमीटर वाढले, पण जमिनीपासून एक्सल निम्माच उचलला जातो, पंधरा मिलिमीटर. करंगळीची जाडी! वर स्पीडोमीटर 60 दाखवतो तेव्हा गाडी साडेबासष्टच्या आसपास पळत असते.

घासण्याची जागा बंपर, पायरी किंवा सायलेन्सर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे उंचीचा खरा उपयोग होतो. पण त्याआधी मोजून घ्या, कारण जुन्या गाडीची उंची बऱ्याचदा कमी नसते, हरवलेली असते.

गाडी रिकामी, हवा चारी टायरना बरोबर. चाकाच्या मधोमधपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावायचा, चारही बाजूंना, आणि आकडे लिहून ठेवायचे. माझी मागची डावी बाजू उजवीपेक्षा अडीच सेंटिमीटर खाली होती. मग पाव्हण्यांच्या त्याच मॉडेलच्या, कमी राबलेल्या गाडीला टेप लावला. माझी उजवी बाजूसुद्धा तिच्यापेक्षा दीड सेंटिमीटर बसलेली. पाटे पुसून बघितले तर डावीकडच्या तिसऱ्या पाट्याला आडवी भेग, आणि शॅकलचे बुश (सांध्यातल्या नळ्या) खाऊन अंडाकृती झालेले. अशा गाडीवर ठोकळे म्हणजे लंगड्या बैलाला उंच खोगीर.

आता शॅकलचं. मी दोन इंच लांब टाकले होते. गाडी वर आली एकच इंच, कारण पाट्याचं एकच टोक खाली सरकतं. त्यानं एक्सल थोडा फिरला, इंजिनकडून मागच्या एक्सलला फिरवणाऱ्या शाफ्टचा कोन बिघडला, पन्नासच्या पुढे सीटखाली थरथर. दोन महिन्यांत शाफ्टचा क्रॉस (त्याचा फिरता सांधा) गेला. जुने शॅकल परत लावले तेव्हा थरथर थांबली. पुढच्या पाट्यांनाही हा उद्योग करू नका. कोन बदलला की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. ठोकळे पुढे तर कधीच नकोत. ब्रेक लागताना सगळा पीळ तिथेच येतो.

ठोकळे मागे टाकलेच, तर तीन गोष्टी तपासल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. चाकं लोंबकळत असताना शॉकअप्सर पूर्ण ताणला जातो का? ब्रेकचा रबरी होज तंगतो का? आणि तिसरी गोष्ट फिटरही विसरतात. कित्येक पिकअपला मागच्या एक्सलवरून एक बारीक दांडी चासीवरच्या ब्रेक वॉल्वला जोडलेली असते. माल भरला, चासी खाली बसली, की दांडी वॉल्वला कळवते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. चासी उचलली आणि दांडी पुन्हा जुळवली नाही, तर भरलेली गाडीही वॉल्वला रिकामी वाटते. माळशेज उतरताना हे कळायला नको.

जास्तीचा पाटा टाकायचा सल्लाही मिळेल. उंची मिळते, पण रिकामी गाडी खेचरासारखी उडते, आणि अर्ध्या लोडला खालच्या क्रेटमधला टोमॅटो चेंगरतो. सिमेंट-लोखंड वाहणाऱ्याला चालेल, मला नाही.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला फिटनेस प्रमाणपत्र दरवर्षी लागतं, म्हणजे ठोकळे दरवर्षी कुणाच्या तरी नजरेसमोर जाणार.

तरी कुणासाठी उचलणं बरोबर? पाटे-बुश नवे आहेत, घासतेय ती बॉडी, गाडी बहुतेक रिकामी किंवा हलकी फिरते, आणि आरटीओत आधी विचारून झालंय. तेही इंच-दीड इंचावर थांबा, जास्त कमानीचे पूर्ण पाटे बसवून.

मी मागचे दोन्ही बाजूंचे पाटे नवे घेतले. जुन्यांना हातोड्यानं ठोकून कमान देतात, पण ती वर्षभरात परत बसते. बुश, पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट आणि शॉकअप्सरही बदलले. डावी बाजू चार सेंटिमीटर वर आली. गोळा अर्थातच तिथेच होता. म्हणून शेजारच्या दोघांना वर्गणी मागितली आणि चाकोऱ्यांत चार ट्रॉल्या मुरूम टाकला. एकाने पैसे अजून दिलेले नाहीत, पण गाडी त्याचीही जाते.