ट्रेनची गणितं: सूत्रं पाठ करण्याआधी कुठल्या गाडीत बसायचं ते ठरवा

ट्रेनच्या गणितांची धास्ती बहुतेकांना सूत्रांमुळे बसते. खांबाचं वेगळं सूत्र, फलाटाचं वेगळं, समोरून येणाऱ्या गाडीचं वेगळं, मागून येणाऱ्या गाडीचं आणखी वेगळं, आणि त्यात कुणीतरी खिडकीत बसलेला प्रवासी आला की सगळी एकमेकांत मिसळतात. खरं तर सूत्र एकच आहे, अंतर म्हणजे वेग गुणिले वेळ, आणि ते सगळ्यांना येतं. घोडं अडतं ते अंतर म्हणून नेमकं काय घ्यायचं आणि वेग कुणाचा घ्यायचा इथे. तेवढं ठरवता आलं की पुढे नुसता गुणाकार भागाकार उरतो.

आधी एककांचं बघून घेऊ, कारण पद्धत बरोबर आणि उत्तर चूक असं सगळ्यात जास्त इथेच होतं. वेग ताशी किलोमीटरमध्ये देतात, लांबी मीटरमध्ये आणि वेळ सेकंदात. एका तासात ३६०० सेकंद आणि एका किलोमीटरमध्ये १००० मीटर, म्हणून ताशी किमीचा सेकंदाला मीटर करायचा तर ५/१८ ने गुणायचं. पण दरवेळी गुणत बसण्यापेक्षा १८ चा पाढा ५ च्या पाढ्याशी जोडून टाका: १८ म्हणजे ५, ३६ म्हणजे १०, ५४ म्हणजे १५, ७२ म्हणजे २०, ९० म्हणजे २५, १०८ म्हणजे ३०. गणितं बनवणारे बहुतेक वेळा हेच आकडे वापरतात. आणि दोन गाड्या असतील तर आधी ताशी किमीमध्येच बेरीज किंवा वजाबाकी करा, मग एकदाच बदला. प्रत्येक वेग वेगळा बदलला तर अपूर्णांकांचा पसारा होतो.

आता मुख्य मुद्दा. दोन गाड्या धावतायत असं दिसलं की मनाने त्यातल्या एका गाडीत जाऊन बसा आणि ती उभी आहे असं समजा. मग धावणारी गाडी एकच उरली, आणि तिचा जो वेग तुम्हाला आतून जाणवेल तोच सापेक्ष वेग. समोरून येत असेल तर ती भर्रकन जाते कारण तुमचाही वेग तिच्या वेगात मिसळतो, म्हणून बेरीज. शेजारच्या रुळावरून त्याच दिशेने जात असेल तर हळूहळू पुढे सरकताना दिसते, म्हणून वजाबाकी. खिडकीतून हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं, फक्त पेपर हातात आला की आठवत नाही.

एक उदाहरण घेऊन सावकाश बघू. एक गाडी १५० मीटर लांब, ताशी ५४ किमी. दुसरी २१० मीटर लांब, ताशी ९० किमी. समोरासमोर येतायत, एकमेकींना पूर्ण ओलांडायला किती वेळ?

पहिली गाडी उभी केली. दुसरीचा वेग झाला ५४ + ९० = १४४, म्हणजे सेकंदाला ४० मीटर. आता अंतर. इथे नुसतं "दोन्ही लांब्यांची बेरीज" असं लिहून पुढे जाऊ नका, एकदा डोळ्यासमोर आणा. ओलांडणं सुरू होतं दोन्ही इंजिनांची नाकं समोरासमोर आली की, आणि संपतं दोघींचे शेवटचे डबे एकमेकांपासून सुटले की. तेवढ्या वेळात दुसरीच्या इंजिनाकडेच बघत राहा. ते आधी उभ्या गाडीच्या कडेने १५० मीटर जातं, पण त्या क्षणी त्याच्या मागची सगळी गाडी अजून ओलांडायची बाकीच असते, ती बाहेर पडायला इंजिनाला अजून स्वतःच्या गाडीएवढं म्हणजे २१० मीटर पुढे जावं लागतं. एकूण ३६० मीटर. ३६० भागिले ४०, उत्तर ९ सेकंद.

त्याच गाड्या एकाच दिशेने, वेगवान गाडी मागे. सुरुवात होते मागच्या इंजिनाचं नाक पुढच्या गाडीच्या शेवटच्या डब्याला आलं की, आणि शेवट तिचा शेवटचा डबा पुढच्या गाडीच्या इंजिनापासून सुटला की. अंतर तेच ३६० मीटर, वेग मात्र ९० - ५४ = ३६, म्हणजे सेकंदाला १० मीटर. ३६ सेकंद. दिशा बदलली तरी लांब्यांची बेरीजच राहते, वजाबाकी होते ती फक्त वेगांची. बरेच जण वेग वजा करतात आणि त्याच ओघात लांब्याही वजा करून मोकळे होतात.

हे कळलं की खांब, फलाट वगैरे वेगळे प्रकार राहतच नाहीत. खांब म्हणजे लांबी शून्य आणि वेग शून्य असलेली दुसरी गाडी, फलाट म्हणजे वेग शून्य पण लांबी असलेली गाडी. २४० मीटरची गाडी ताशी ७२ ने जात असेल तर खांब १२ सेकंदात, ३६० मीटरचा फलाट ६०० भागिले २० म्हणजे ३० सेकंदात.

खिडकीतल्या प्रवाशाचं गणित नीट वाचा. "गाडीतल्या प्रवाशाला दुसरी गाडी किती वेळ दिसेल" असं विचारलं की प्रवासी म्हणजे एक बिंदू, त्याच्या स्वतःच्या गाडीची लांबी हिशोबात येतच नाही. वरच्याच समोरासमोरच्या गाड्यांत ५४ वाल्या गाडीतल्या माणसासमोरून २१० मीटर जातात, २१० भागिले ४० म्हणजे ५.२५ सेकंद. ९० वाल्या गाडीतल्या माणसासमोरून १५० मीटर, म्हणजे ३.७५ सेकंद. तो पहिल्या डब्यात बसलाय की शेवटच्या, काही फरक पडत नाही.

चालणाऱ्या माणसाचंही तसंच, फक्त त्याला थोडा वेग आहे. समजा एक गाडी तिच्याच दिशेने ताशी ६ किमीने चालणाऱ्याला १४ सेकंदात ओलांडते आणि समोरून ताशी ३ किमीने येणाऱ्याला १२ सेकंदात, तर गाडीचा वेग आणि लांबी काढा. दोन्ही वेळा ओलांडणारी लांबी तीच, म्हणून वेग व धरला तर (व - ६) × १४ = (व + ३) × १२. ५/१८ दोन्हीकडे असतं म्हणून लिहायचीच गरज नाही. २व = १२०, व = ६०. आता लांबीसाठी बदल करा, ६० - ६ = ५४ म्हणजे १५, गुणिले १४, म्हणजे २१० मीटर. दुसऱ्या माणसाकडून पडताळा: ६३ म्हणजे १७.५, गुणिले १२, तेही २१०.

मला सगळ्यात आवडणारा प्रकार उलटा आहे, वेळ दिलेल्या असतात आणि वेग काढायचे असतात. दोन गाड्या समोरासमोर ९ सेकंदात आणि एकाच दिशेने ३६ सेकंदात ओलांडतात, लांब्या दिलेल्याच नाहीत, वेगांचं गुणोत्तर काय? अंतर दोन्ही वेळा सारखंच, त्यामुळे जिथे वेळ चौपट लागला तिथे वेग पाव होता. म्हणजे बेरीज ४ भाग, वजाबाकी १ भाग. मग वेग ४ + १ आणि ४ - १, म्हणजे ५ : ३ (दोघांनाही २ ने भागायचं होतं, गुणोत्तरात ते उडतं). वरच्या ९० आणि ५४ शी ताडून बघा, तंतोतंत जुळतं.

दूरच्या स्टेशनांवरून निघून वाटेत भेटणाऱ्या गाड्यांत लांबी विसरा, किलोमीटरच्या हिशोबात ती धरतच नाहीत. तिथे फक्त निघायच्या वेळा वेगळ्या असतील तर सांभाळायचं. ४९५ किमीवरची दोन स्टेशनं, एक गाडी ७ वाजता ताशी ६० ने निघाली, समोरची ८:३० ला ताशी ७५ ने. दोघी धावायला लागल्याशिवाय बेरीज करायची नाही. ८:३० पर्यंत पहिली एकटीच ९० किमी आली, उरले ४०५, आता बेरीज १३५, म्हणजे ३ तास, भेट ११:३० ला. आणि त्या दोन गाड्यांच्या मध्ये एखादा पक्षी ये-जा करत उडतोय, एकूण किती उडाला असं विचारलं तर त्याच्या फेऱ्या मोजू नका. भेट होईपर्यंतचा वेळ काढा आणि त्याच्या वेगाने गुणा.

शेवटचा एक प्रकार: दोन गाड्या एकाच वेळी निघून भेटल्या, भेटीनंतर पहिलीला पोहोचायला ४ तास लागले, दुसरीला ९. भेटीनंतर पहिली जे अंतर कापते ते दुसरीने भेटीआधी कापलेलं असतं, आणि उलट. भेटीआधीचा वेळ ट धरला तर पहिलीचा वेग × ४ = दुसरीचा वेग × ट, आणि दुसरीचा वेग × ९ = पहिलीचा वेग × ट. दोन्ही समीकरणं एकमेकांनी भागली की ट उडतो आणि वेगांच्या वर्गांचं गुणोत्तर ९ : ४ मिळतं, म्हणजे वेग ३ : २. जिला कमी वेळ लागला तिचा वेग जास्त, हे बघून गुणोत्तर उलटं तर लिहिलं नाही ना ते तपासा. ट हवा असेल तर ४ × ९ चं वर्गमूळ, ६ तास.