डायलिसिसवर असताना मन कामाला लावायचं कसं

‘पॉझिटिव्ह राहा हो’ असं सांगणारा माणूस हटकून शहाळं घेऊन येतो. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मशीनला लागणाऱ्या माणसाला दोन्ही झेपत नाही. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. किडन्या बंद पडल्या की ते रक्तात साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. पाहुण्याचं मन मोडू नका, शहाळं घरच्यांना द्या. सल्ल्याचंही तेच करा.

मी एसटीत कंडक्टर होतो, सातारा-दहिवडी मार्गावर. मला हिशोब कळतो, म्हणून सुरुवात पाण्याच्या हिशोबापासून. फुप्फुसात पाणी भरून धाप लागलेल्या माणसाला कसली उमेद? मला डॉक्टरांनी दिलेलं माप असं: आदल्या दिवशी झाली तेवढी लघवी, वर अर्धा लिटर. तुमचं माप तुमच्या डॉक्टरांना विचारा. सकाळीच तेवढं पाणी बाटलीत भरायचं. चहा, आमटी, ताक काहीही घेतलं की तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाकायचं. मिठाने तहान वाढते, म्हणून लोणचं-पापड बंद. ‘कमी सोडियम’वालं मीठ मात्र आणू नका, त्यात बहुतेकदा पोटॅशियमच घातलेलं असतं.

मशीनच्या सुया टोचायला हातात शीर आणि धमनी जोडून देतात, तो फिस्टुला. त्यावर रोज बोटं ठेवून घरघर लागते का बघा. लागली नाही तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्या हाताला बीपी नाही, घट्ट घड्याळ नाही, जड पिशवी नाही.

आता मनाचं. मशीनवरून उतरलात की जेवा आणि झोपा. अंगात त्राण नसतं, पायात गोळे येतात. त्या संध्याकाळी आयुष्याबद्दल जे वाटतं ते खरं धरू नका. काम दुसऱ्या दिवशी सकाळी. आणि काम असं धरा, की तुम्ही केलं नाही तर कुणाचं तरी अडेल. नुसत्या छंदाने भागत नाही, असं माझं मत. सुनेने मला रंगवायची वही आणून दिली होती, ती नातवाने संपवली.

आमच्या डायलिसिस सेंटरवर कोरेगाव, पुसेगावचे पेशंट मशीनच्या वेगवेगळ्या पाळ्यांना एकेकटे यायचे. सोबत येणाऱ्या पोराचा त्या दिवसाचा रोजगार बुडायचा. टेक्निशियनशी बोलून मी एका वाटेवरची माणसं एका पाळीत आणायला लागलो. आता सोबतीला एक माणूस सगळ्यांना पुरतो. पाळी बदलली की रात्री फोन मला येतो. नव्या पेशंटला मी एसटीच्या सवलतीची आगारात चौकशी करायला लावतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्डावरचं नि आधारवरचं नाव जुळतंय का, तेही बघायला सांगतो. नुसता धीर देऊन कुणाचं बिल भागत नाही.

तुम्हाला स्वयंपाक येत असेल तर नव्या पेशंटच्या घरच्यांना दाखवा: भाजी बारीक चिरून कोमट पाण्यात भिजत घालायची, पाणी फेकायचं, मग शिजवायची, म्हणजे पोटॅशियम कमी होतं.

झोप-जेवण उडून दिवसच्या दिवस गेले, मशीन सोडून द्यावंसं वाटलं, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, मराठीत बोलता येतं.

पाळी चुकवू नका. सण असेल तर आधी बोलून दिवस बदलून घ्या. आमच्यातल्या एकाला म्हसवडच्या रथाला जायचं होतं, त्याची पाळी आम्ही आदल्या दिवशी बसवली. गेला, रथ बघून आला. पुढच्या पाळीला अंगात पाणी साचून वजन भरलं जास्त. टेक्निशियन बाई ओरडल्या, त्याने खाली मान घालून ऐकून घेतलं आणि प्रसाद पुढे केला.