तडकलेले टाइल्सचे जॉइंट : वरून व्हाइट सिमेंट फासू नका

जॉइंट तडकला की त्यावर व्हाइट सिमेंटची पेस्ट बोटाने फासायची, ही घरोघरची पद्धत. तो पापुद्रा जुन्या ग्राउटला, म्हणजे दोन टाइल्सच्या फटीत भरलेल्या मालाला, नीट धरत नाही. शिवाय नुसतं व्हाइट सिमेंट सुकताना आकसतं, मग पुन्हा बारीक चिरा पडतात आणि पोपडे निघतात. जुना माल खरवडून काढणं हेच यातलं निम्म्याहून जास्त काम आहे.

त्याआधी टाइल्सवर नाण्याने ठोकून बघा. आवाज पोकळ आला किंवा पाय देताच टाइल हलली, तर खालचा माल सुटला आहे. अशी टाइल काढून पुन्हा बसवावी लागते, नवं ग्राउट तिथे टिकणार नाही. सांगली-मिरजेकडे काळ्या मातीवरच्या घरांत आणखी एक प्रकार दिसतो. भेग एका सरळ रेषेत पाच-सहा टाइल्स ओलांडून जाते, कुठे टाइलही चिरते. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया किंवा भराव हलतोय, हे आधी गवंड्याला दाखवा. भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या कोपऱ्यातली भेग मात्र ग्राउटने कधीच भरू नका. दोन्ही पृष्ठभाग वेगवेगळे हलतात, म्हणून तिथे रबरासारखं लवचिक राहणारं सिलिकॉन सीलंटच हवं.

खरवडायला ग्राउट काढायची करवत मिळते. नसेल तर हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याला एका टोकाला चिंधी गुंडाळून वापरा. टाइलच्या जाडीच्या दोन तृतीयांश, म्हणजे 8 मिमीच्या टाइलला साधारण 5 मिमी खोल जा. टोकदार छिन्नीने कडा उडतात. धूळ नाकात जाऊ देऊ नका, मास्क आणि चष्मा लावा. मग जुन्या टूथब्रशने जॉइंट झाडून स्वच्छ करा.

जॉइंट 3 मिमीपेक्षा बारीक असेल तर बिनवाळूचं ग्राउट घ्या, रुंद असेल तर वाळूचं. रुंद जॉइंटमध्ये बिनवाळूचं भरलं की तडकतंच. 5 बाय 7 फुटांच्या बाथरूमला, 1 फुटाच्या टाइल्स आणि 3 मिमी जॉइंट धरून, फरशीला अर्धा-पाऊण किलो लागतं. 1 किलोचं पाकीट पुरतं.

पाणी पाकिटावर लिहिलंय तेवढंच, मापाने. सगळ्यात जास्त कामं इथेच बिघडतात: पातळ ग्राउट सहज भरतं म्हणून लोक पाणी वाढवतात, ते पाणी उडून गेलं की जॉइंट खचतो, रंग फिका पडतो, चिरा येतात. टूथपेस्टइतकं घट्ट हवं. कालवून 5 ते 10 मिनिटं ठेवा, पुन्हा ढवळा. नंतर घट्ट होऊ लागलं तरी पाणी घालू नका. अर्ध्या तासात संपेल एवढंच कालवा.

जॉइंट ओलसर करा, पण पाणी साचलेलं नको. रबरी थापी तिरकी धरून माल दाबून भरा आणि जॉइंटला तिरप्या दिशेने ओढा. सरळ ओढली तर थापीची कड भरलेला माल बाहेर काढते. 15-20 मिनिटांनी घट्ट पिळलेल्या स्पंजने पुसा. वर राहिलेली पांढरी छटा दोन-तीन तासांनी कोरड्या फडक्याने जाते.

एप्रिल-मेमध्ये काम सकाळी लवकर करा आणि दोन दिवस हलका पाण्याचा फवारा मारा, नाहीतर ग्राउट भुसभुशीत राहतं. फरशीवर 24 तास चालू नका. बाथरूम तीन दिवस बंद. पुराचं पाणी शिरलेल्या घरात घाई नको: जॉइंट उकरून गाळ काढा, फूटभर प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. आतून दव धरलं तर फरशी अजून ओली आहे.

ओट्यावर हळद-तेलाचे डाग नको असतील तर इपॉक्सी ग्राउट, म्हणजे सिमेंटऐवजी रेझिनचं ग्राउट. ते महाग आणि चिवट. जॉइंट पूर्ण कोरडा लागतो, आणि टाइलवर सुकलं तर निघता निघत नाही, म्हणून लगेच पुसायचं.

खालच्या मजल्याच्या छतावर ओल दिसत असेल तर ग्राउटने ती थांबेलच असं नाही. वॉटरप्रूफिंग टाइल्सच्या खाली असतं. आणि नव्या जॉइंटवर बाथरूमचं ऍसिड ओतू नका, ते सिमेंट खातं. उरलेली पूड घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, वर शेडचा नंबर चिकटवा.