वारशात आलेल्या खोगिराची किंमत कशी जोखावी

माळ्यावर जुनी खोगिरं सापडली की पहिला मोह होतो तेल चोपडून चकचकीत करण्याचा. तो आवरा. तेलाने कातडं काळवंडतं, शिक्के बुजतात. कोरड्या मऊ फडक्याने धूळ तेवढी झटका.

आधी सांगाडा तपासा. पुढचा उंचवटा आणि मागची कड दोन्ही हातांनी धरून एकमेकांकडे दाबा. किंचित लवचीकपणा चालतो; पण मधूनच वाकलं किंवा कटकट आवाज आला तर आतला सांगाडा मोडलाय. असं खोगीर घोड्यावर घालायचं नाही, ते फार तर शोभेचं. कातड्याची तांबूस भुकटी बोटाला लागली तर कातडंच कुजलंय, त्याला इलाज नाही.

मग बॅटरी घेऊन शिक्का शोधा: बैठकीवर, बाजूच्या झडपेखाली. रिकिबीच्या लोखंडी अडकणीवरचं नाव मात्र बऱ्याचदा फक्त त्या अडकणीच्या कारखानदाराचं असतं, तिथे हमखास फसगत होते. लष्करी खोगिरावर आकडे, खुणा असतात. अमेरिकी घोडदळाने 1859 मध्ये स्वीकारलेल्या मॅक्लेलन खोगिराच्या बैठकीत मधोमध लांबट फट दिसते.

भाव बघताना मागितलेली किंमत सोडा, लिलावात प्रत्यक्ष विकलं गेलेलं बघा. रिकिबी, तंग वेगळे काढून विकू नका. बाकी नुसती खोगीरभरती निघाली, तरी फोटो काढून ठेवा.