घरातलं जुनं सागवानी फर्निचर स्वतः नीट करायचंय? आधी धुवा, मग सांधे बघा, पॉलिश सगळ्यात शेवटी

आमचा पुण्यात सदाशिव पेठेतला वाडा रिडेव्हलपमेंटला गेला तेव्हा सामान हलवायच्या गडबडीत निम्मं लाकूडसामान भंगारवाल्याच्या टेम्पोत गेलं, त्यातून मी आजोबांची सागवानी खुर्ची आणि दोन पाट कसेबसे बाजूला काढले. खुर्ची डुगडुगत होती आणि तिच्या दोन्ही हातांवर काळा चिकट थर होता, तर मी त्याच आठवड्यात पॉलिश पेपर आणला आणि खुर्चीचा डावा हात खरवडून पांढराफटक केला. मग सुतारकाम करणारे ओळखीचे एक काका आले, त्यांनी काही न बोलता कोमट साबणाच्या पाण्यात फडकं पिळून उजवा हात पुसला, चार-पाच वेळा पुसल्यावर काळं सगळं फडक्यावर आलं आणि खालून मधासारखं जुनं पॉलिश दिसायला लागलं, आजोबांचा अंगठा जिथे टेकायचा तिथला गुळगुळीत खळगा सुद्धा. डाव्या हातावरचा तो खळगा मी घासून घालवला होता. तेव्हापासून कुणी विचारलं की मी पहिलं हेच सांगते, खरवडायची घाई करू नका.

सुरुवात लहान वस्तूने करा, पाट, चौरंग, स्टूल असं काहीतरी, कपाटाला पहिल्यांदाच हात घालू नका. घरात काही नसेल तर बुधवारी किंवा रविवारी पुण्यातल्या जुन्या बाजारात चक्कर मारा. घेताना उलटं करून बघा. वरच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरत असतील तर लाकूड भरीव आहे, कडेला वेगळाच तुकडा दिसला तर वर लाकडाचा पातळ पापुद्रा (व्हेनिअर) चिकटवलेला असू शकतो आणि तो घासताना आरपार जातो. बारीक भोकं असतील तर खाली काळा कागद पसरून पंधरा दिवस ठेवा, कागदावर रव्यासारखा ताजा भुसा पडला की समजायचं किडा जिवंत आहे, मग ती वस्तू बाकी फर्निचरपासून लांब ठेवायची आणि भोकांमध्ये सिरिंजने वाळवीचं औषध सोडायचं, ग्लोव्हज घालून.

धुणं म्हणजे बादलीने पाणी ओतणं नाही हं. कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, फडकं घट्ट पिळून पुसायचं आणि लगेच कोरड्याने टिपायचं. त्यानंतर फडक्यावर थोडं टर्पेंटाइन घेऊन पुसलं की जुनं मेण आणि तेलकटपणा निघतो. बऱ्याच वस्तूंचं काम इथेच संपतं, खरंच.

आता सांधे, आणि इथे वेळ द्या कारण डुगडुगणारी खुर्ची कितीही चमकवली तरी डुगडुगतच राहणार. जुन्या खुर्च्यांमध्ये पायाच्या खाचेत आडव्या पट्टीची कूस, म्हणजे टोकाची जीभ, बसवलेली असते आणि ती सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या गोंदाने, चिकटवलेली असते. सरस वर्षानुवर्षं वाळून ठिसूळ होतो, म्हणून सांधा हलतो. लोक काय करतात, फटीत वरून फेविकॉल पिळतात किंवा खिळा ठोकतात. फेविकॉल जुन्या सरसावर नीट धरत नाही, मी केलेला तसला सांधा दोन महिन्यांत सुटला, आणि खिळ्याने कूस चिरते. सांधा हलत असेल तर तो पूर्ण सोडवा, प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने खूण करा, उजवा पुढचा, डावा मागचा असं, नाहीतर नंतर तासभर जुळवत बसाल. सरस गरम पाण्याच्या फडक्याने मऊ पडतो, तो पटाशीने हलक्या हाताने काढून लाकूड स्वच्छ करा, पूर्ण वाळू द्या, मग फेविकॉल. कूस झिजून सैल झाली असेल तर तिच्यावर रंध्याच्या पातळ छिलक्याचा तुकडा चिकटवून जाडी वाढवता येते.

क्लॅम्प नसेल तर जाड सुतळीचे दोन फेरे चारी पायांभोवती बांधा आणि मध्ये लाटणं घालून पिळत जा, सुतळी आवळली की सांधे बसतात, कोपऱ्यात कागदाची घडी ठेवा म्हणजे वण उठणार नाहीत. बाहेर आलेला फेविकॉल ओला असतानाच पुसा, वाळला तर तिथे पॉलिश धरत नाही आणि पांढरा डाग दिसत राहतो. मग टेपने पायांच्या चौकोनाचे दोन्ही कर्ण, म्हणजे कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर, मोजा, सारखे आले पाहिजेत, आणि खुर्ची सपाट जागी ठेवून बघा. जुन्या घरातली शहाबादी फरशी यासाठी उपयोगाची नाही, ती स्वतःच वरखाली असते, स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवा. चोवीस तास हात लावायचा नाही. आणि सांधे पक्के झाल्याशिवाय कुठलाही पाय कापून बरोबर करायला जाऊ नका.

छोटी कामं पटापट सांगते. स्क्रूचं भोक सैल झालं असेल तर काडेपेटीच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात भरा, वाळल्यावर परत स्क्रू पिळा. लाकडाला पोचा पडला असेल, तंतू तुटलेले नसतील, तर ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री क्षणभर टेकवा, वाफेने दबलेलं लाकूड फुगून वर येतं, पण हे उघड्या लाकडावरच, पॉलिशवर नाही. पितळी कड्या-मुठींना आधी लोहचुंबक लावून बघा, चिकटला तर वर नुसता पितळेचा मुलामा आहे, घासू नका. अस्सल असेल तर चिंच-मीठ किंवा पितांबरी, पण काढून घेऊन, लाकडावर असताना नाही.

पावसाळ्यात ड्रॉवर अडकतो म्हणून लगेच रंधा मारू नका. लाकूड हवेतलं पाणी पिऊन फुगलेलं असतं, जानेवारीत तोच ड्रॉवर आपोआप मोकळा होतो, आणि जुलैत तासलात तर हिवाळ्यात खुळखुळा होतो. कडेला मेणबत्ती घासा, तेवढं पुरतं.

पॉलिश नव्याने करायचंच असेल तर आधी जुनं काय आहे ते ओळखा. लपलेल्या जागी कापसाने पॉलिशचं स्पिरिट लावा, मिनिटभरात चिकट झालं तर ते लाखेचं पॉलिश. स्पिरिटला दाद दिली नाही पण थिनरने विरघळलं तर लॅकर. दोन्हीने काही झालं नाही तर वॉर्निश किंवा पेंट. जुना ऑइलपेंट असेल तर एक गोष्ट मनापासून सांगते, कोरडा घासू नका. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना फार घातक. पेंट रिमूव्हर लावून ओलाच खरवडा, मास्क घाला, मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

माझं मत विचाराल तर नवख्याने लाखेचंच पॉलिश करावं. पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश टिकतं जास्त हे खरं, पण त्यावर ओरखडा पडला तर दुरुस्ती कटकटीची होते, लाखेचा नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो, चुकलं तरी सावरता येतं. बोहरी आळीत हार्डवेअर-रंगाच्या दुकानात चपडा लाख, म्हणजे पातळ पापड्यांसारखी लाख, मागा, 100 ग्रॅम लाख अर्धा लिटर स्पिरिटमध्ये काचेच्या बरणीत रात्रभर भिजवा, मधून मधून हलवा, सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळा. लागेल तेवढंच करा, फार दिवस ठेवलेलं नीट वाळत नाही. स्पिरिट झटकन पेट घेतं म्हणून गॅस आणि देवापुढचं निरांजन लांब.

लाकूड 120 नंबरच्या पॉलिश पेपरने सुरू करून 180, मग 220 ने घासा, कायम रेषांच्या दिशेने, आडवं घासलेलं पॉलिश लावल्यावर ठळक दिसतं. 220 झाल्यावर ओलसर फडकं फिरवा, वाळल्यावर तंतू उभे राहतात, ते 320 ने हलकेच काढा. मग कापसाचा बोळा मऊ सुती कापडात गुंडाळून पॉलिशमध्ये भिजवा, पिळा, आणि न थांबता लांब हात मारा. मध्येच थांबलात की बोळा चिकटतो आणि तिथे खड्डा पडतो. पातळ हात द्या, अर्ध्या-पाऊण तासाने पुढचा, दोन-तीन हातांनंतर 320 फिरवायचा. सहा-सात हात झाले की पाट छान दिसतो. हे सगळं दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत करा, पुण्यातल्या पावसाळी हवेत लाखेवर दुधासारखी पांढरी झाक येते.

जवसाचं तेल लावणार असाल तर ती फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, वाळताना तेल तापतं आणि फडकं आपोआप पेटू शकतं. बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

पॉलिश झाल्यावर आठवडाभर वस्तू वापरू नका. नंतरही चहाचा गरम कप थेट ठेवलात तर पांढरं वर्तुळ उमटेल, तेव्हा घाबरून पेपर घेऊ नका, स्पिरिटचा अगदी पुसटसा हात असलेलं फडकं त्यावरून भराभर फिरवा, बहुतेक वेळा जातं.