ग्रॅफाइटचा रोध दोन दिशांनी मोजताना

पायरोलिटिक ग्रॅफाइटचा (थरावर थर नीट रचलेल्या कृत्रिम ग्रॅफाइटचा) माझा पहिला तुकडा 10 मिमी लांब, 1 मिमी जाड होता. वरच्या पृष्ठावरून प्रवाह सोडला आणि खालच्या पृष्ठावर व्होल्टेज पाहिलं, तर काहीच नाही. तीन दिवस मी जोडण्या बदलत बसले. जोडण्या ठीक होत्या. प्रवाह खाली पोचतच नव्हता.

ग्रॅफाइटमध्ये थरातल्या थरात रोधकता (आकारावर अवलंबून नसलेला, पदार्थाचा स्वतःचा रोध) सुमारे 4×10⁻⁷ ओहम-मीटर असते, थर ओलांडायचे तर हजारो पट जास्त. अशा तुकड्याला सगळ्या दिशांनी सारखा मानून गणित करायचं, तर जाडी या दोन रोधकतांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने ताणावी लागते. गुणोत्तर 3,600 धरलं तर 60 पट. म्हणजे प्रवाहाच्या लेखी माझा तुकडा 60 मिमी जाड होता! म्हणून आधी जाडी ठरवा, तारांचं नंतर बघा. 10 मिमी लांबीला साधारण 0.16 मिमी जाडी हवी, म्हणजे ताणलेली जाडी लांबीएवढीच भरते. सेलोटेप लावून थर सोलत जा, दर वेळी स्क्रू गेजने मोजा. रुंदी 5 मिमी ठेवा, कडा नव्या ब्लेडने कापा.

आता सिल्व्हर पेस्टच्या चार बारीक रेघा: दोन वर, दोन खाली, टोकांशी, पूर्ण रुंदीभर. इथे घाई नको. पेस्ट कडेवरून ओघळली की सगळे थर शॉर्ट होतात आणि आकडा दिसायला छान, पण खोटा येतो. भिंगातून प्रत्येक कड तपासा.

वरच्या दोन रेघांतून 10 मिलिअँपिअर सोडून खालच्या दोघींमधलं व्होल्टेज घ्या. हा आडवा रोध. मग डाव्या टोकाला वरून खाली प्रवाह, उजव्या टोकाला व्होल्टेज. हा उभा रोध. दोन्ही एक मिलिओहमच्या आसपास, म्हणजे व्होल्टेज फक्त 10 मायक्रोव्होल्ट. साधा मल्टिमीटर इथे निरुपयोगी, नॅनोव्होल्टमीटरच लागतो. जोडण्यांमधल्या तापमानफरकानेच काही मायक्रोव्होल्ट येतात, म्हणून प्रवाह उलटा करून दोन वाचनांच्या फरकाचं निम्मं घ्या. प्रवाहाच्या आणि व्होल्टेजच्या जोड्यांची अदलाबदल केली तरी रोध तोच यायला हवा. नाही आला तर एखादी रेघ सुटली आहे.

पुढचं गणित माँटगोमेरी यांच्या 1971च्या पद्धतीचं. आडव्या रोधाला उभ्याने भागा, नैसर्गिक लॉग घ्या, π ने भागा. याला क्ष म्हणू. क्षच्या वर्गात 4 मिळवून वर्गमूळ काढा, त्यात क्ष मिळवा, निम्मं करा. तुकड्याच्या खऱ्या लांबी-जाडीच्या गुणोत्तराला या संख्येने भागून वर्ग केला की दोन रोधकतांचं गुणोत्तर मिळतं. दोन्ही रोध सारखे आले तर क्ष शून्य, भाजक 1, आणि 10 भागिले 0.16 म्हणजे 62.5, त्याचा वर्ग सुमारे 3,900. दोन्ही रोधकतांच्या गुणाकाराचं वर्गमूळ त्याच दोन वाचनांवरून व्हॅन डर पाव यांच्या 1958च्या समीकरणाने काढा; जाडीच्या जागी तिथे 5 मिमी रुंदी घाला. गुणाकार आणि गुणोत्तर हाती आलं की दोन्ही रोधकता सुट्या होतात.