पहिली इलेक्ट्रिक गिटार: ओढणी, फिलर गेज आणि वीस हजार रुपये

नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात मी एकोणीस वर्षं इनवर्ड इन्स्पेक्शनला काढली. बाहेरून आलेला माल उघडायचा, मोजायचा, पास करायचा नाहीतर लाल टॅग लावायचा. खोक्यावर कुणाचंही नाव असो, गेज सांगेल ते खरं. एवढं करून माझी स्वतःची पहिली इलेक्ट्रिक गिटार मात्र मी फोटो बघून मागवली. लालभडक रंग, सोबत छोटा ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा), केबल, पट्टा, बॅग, सगळं एकाच खोक्यात. चार महिने बोटं सोलून निघाली आणि एफ कॉर्ड (सगळ्या तारा एकदम दाबून लावायचा स्वरमेळ) काही लागेना. चाळिशी उलटली, आता बोटं वळायची नाहीत, अशी मी मनाची समजूत घातली होती. मग एका रविवारी सहज स्टीलची पट्टी बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवर बसवलेल्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपैकी बाराव्या पट्टीवर, उभी धरली. जाड तार फ्रेटपासून साडेतीन मिलिमीटर वर! दोनच्या आसपास हवी. असा जॉब आमच्याकडे आला असता तर गेटवरूनच परत गेला असता.

यंदा भाच्याने विषय काढला, "मावशी, मला इलेक्ट्रिक गिटार हवी. काळी." भाऊजी लगेच म्हणाले, "वीस हजारांच्या वर एक रुपया नाही. आणि दिवाळीनंतर माळ्यावर दिसली तर बघ." मग आम्ही दोघं जे काही केलं ते इथे लिहिते आहे.

"आधी साधी गिटार शिकू दे, मग इलेक्ट्रिक" हा सल्ला घरोघर मिळतो. मला तो पटत नाही. इलेक्ट्रिकला बहुतेक नऊचा किंवा दहाचा सेट असतो. नऊचा सेट म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.००९ इंच, आमच्या भाषेत तेवीस शतांश मिलिमीटर. अकॉस्टिकला अकरा-बाराचा सेट सर्रास असतो. ती तार दाबायला जास्त जोर लागतो, आणि नवख्याची बोटं तिथेच हरतात. ज्याला डिस्टॉर्शनचा (रॉकमधला फाटका, करकरीत) आवाज ऐकून गिटार घ्यावीशी वाटली, त्याला वर्षभर अकॉस्टिकवर बसवणं म्हणजे पोहायला निघालेल्याला आधी सायकल शिकवणं.

आता पैसे. वीस हजार आहेत म्हणून वीस हजारांची गिटार घेतली तर ती नुसती भिंतीवर टांगायची. आमचा हिशोब असा होता: गिटार तेरा हजारांपर्यंत, ॲम्प चार हजार, केबल-पट्टा-ट्यूनर-जादा तारा-पिक मिळून दीड, आणि उरलेले दीड हजार सेटअपला. सेटअप म्हणजे जाणकाराकडून मान, तारांची उंची आणि सूर जुळवून घेणं. हे शेवटचे दीड हजार लोक हमखास वाचवतात, आणि माझी लाल गिटार नेमकी तिथेच बिघडली होती. पुढे तिचा सेटअप करून घेतला तेव्हा तीच गिटार वाजायला लागली. चार महिने मी स्वतःला दोष देत होते.

गिटार चालते कशी, हे एकदा डोक्यात बसलं की दुकानातल्या अर्ध्या गोष्टी आपोआप कळतात. तारांखाली पिकअप असतो: लोहचुंबक, आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, म्हणजेच कॉइल. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत बारीकसा वीजप्रवाह निर्माण होतो. बस्स. आमच्या कारखान्यात रिलेची कॉइल मी रोज हाताळत होते, त्यामुळे मला हे घरचंच वाटलं. नायलॉनच्या तारा इथे मुक्याच राहतात, कारण त्यांच्यात लोखंड नाही. एकाच कॉइलचा पिकअप म्हणजे सिंगल कॉइल: आवाज स्वच्छ, खणखणीत, पण आपल्या मेन्सची पन्नास सायकलची गुणगुणही तो तितक्याच प्रेमाने पकडतो. यावरचा उपाय गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर या इंजिनिअरने १९५५ मध्ये काढला. दोन कॉइल शेजारी ठेवायच्या, दोघींचे वेढे आणि चुंबक एकमेकींच्या उलट. गुणगुण दोन्हीकडून उलटसुलट येऊन कटते, तारेचा आवाज मात्र जोडला जातो. हाच हंबकर, आवाज जाड आणि भरीव. नवख्याने ब्रिजकडे (बॉडीवर तारा टेकतात तिकडे) एक हंबकर आणि बाकी दोन सिंगल कॉइल अशी गिटार बघावी, तिला एच-एस-एस म्हणतात. जुन्या हिंदी गाण्याची साथ असो की मेटल, दोन्हीला पुरते.

आकाराबद्दल फार डोकं शिणवू नका. फेंडरची स्ट्रॅटोकास्टर १९५४ ची, गिब्सनची लेस पॉल १९५२ ची. स्वस्तातल्या बहुतेक गिटारी या दोघींच्याच लेकी-सुना. फरक एवढा धरा की फेंडरच्या घराण्यात तारेची बोलती लांबी, म्हणजे वाजणाऱ्या भागाची लांबी, साधारण ६४८ मिलिमीटर असते आणि गिब्सनच्या ६२८. लांबी कमी असली की त्याच सुराला तार सैल राहते आणि फ्रेट जवळजवळ येतात. हात लहान असेल तर बरं पडतं. लेस पॉलच्या वळणाच्या गिटारी मात्र वजनाला भारी निघतात, म्हणून पट्टा लावून पाच मिनिटं उभं राहून बघा. ब्रिज स्थिर असावा, किंवा सूर हलवायची दांडी असलेला साधा. दोन्हीकडे तारा आवळून कुलूप लावणारा फ्लॉइड रोज नावाचा ब्रिज पहिल्या गिटारीला नको. त्यावर एक तार बदलली की बाकी पाच बेसूर होतात, आणि पोरगं संध्याकाळभर ॲलन की घेऊन बसतं.

नाशिकच्या ज्या दुकानात आधी गेलो तिथे हार्मोनियम, तबले आणि अकॉस्टिक गिटारींच्या गर्दीत इलेक्ट्रिक तीनच होत्या. त्यात एक काळी. भाच्याचे डोळे चमकले. मी म्हटलं, वाजवू नकोस, आधी दे इकडे.

सुतार फळीचा बाक बघतो तसं एक डोळा मिटून मानेच्या कडेने नजर टाकली. मान पिळवटलेली असेल, म्हणजे एक कड एकीकडे आणि दुसरी भलतीकडे जात असेल, तर तिथेच लाल टॅग. मग जाड तार एका हाताने पहिल्या फ्रेटवर दाबली, दुसऱ्या हाताने मान बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर. आता तार हीच सरळपट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटवर तिच्याखाली पाव मिलिमीटरच्या आसपास फट हवी. माझ्या पर्समध्ये फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांची जुडी, असतो (हसू नका). तुमच्याकडे नसेल तर व्हिजिटिंग कार्ड सरकवून बघा. फट कमी-जास्त असेल तर घाबरायचं कारण नाही. मानेत ट्रस रॉड नावाची सळई असते, ती आवळली की बाक कमी होतो, सैल केली की वाढतो. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. रॉड शेवटपर्यंत आवळलेला असूनही बाक तसाच असेल, तर मात्र गिटार परत टांगून ठेवा.

पुढची परीक्षा माझ्या ओढणीची. सुती ओढणी मानेच्या दोन्ही कडांवरून वरपासून खालपर्यंत फिरवायची. फ्रेटची टोकं नीट घासलेली असतील तर ती सरसर जाते; नसतील तर धागा अडकतो. नाशिकच्या मार्च-एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी होते की लाकूड किंचित आक्रसतं. धातू काही आक्रसत नाही, मग टोकं बाहेर येऊन तळव्याला खुपतात. काळ्या गिटारीवर धागा दोनदा अडकला. तेही चाललं असतं, टोकं घासून मिळतात.

मग एकेक फ्रेट. बावीस फ्रेट, सहा तारा, एकशे बत्तीस जागा. प्रत्येक जागी तार दाबून एकदा छेडायची आणि ऐकायचं. पाच-सात मिनिटं लागतात आणि दुकानदार वैतागतो. वैतागू द्या. सगळीकडेच थोडी झणझण असेल तर सेटअपने जाते. पण चौदाव्या फ्रेटवर बारीक तार दाबली की आवाज मेलाच, टक् करून. पंधराव्यावर पुन्हा ठीक. म्हणजे पंधरावा फ्रेट उचललेला: चौदाव्यावर दाबलेली तार पुढच्या फ्रेटला टेकते. याला फ्रेट घासणं किंवा बसवणं लागतं, आणि ते दीड हजारांत भागेल याचा भरवसा नाही. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, नवीन आहे, तारा सेट झाल्या की जाईल." मी म्हटलं, "जाऊ दे आधी, मग पैसे देते." भाचा बाहेर स्कूटीपाशी जाऊन उभा राहिला.

एकाच मॉडेलचे दोन-चार नग समोर असले तरच निवड होते. म्हणून पुढच्या शनिवारी सकाळची पंचवटी एक्स्प्रेस धरून मुंबई गाठली. सीएसएमटीहून धोबी तलाव पायी जाण्यासारखं. वाद्यांसाठी तो भाग जुना, फुर्टाडोज तर १८६५ पासूनचं. यामाहाची पॅसिफिका, फेंडरचंच स्वस्त भावंड स्क्वायर, आयबानेझची जिओ, कोर्ट, ही नावं डोक्यात ठेवून दोन-तीन दुकानं फिरा. शेवटी आम्ही घेतली तिचं नाव मुद्दाम सांगत नाही. त्याच नावाचे तीन नग मी मोजले आणि दोन नाकारले, मग नाव सांगून तुमचा काय फायदा?

तिथे ॲम्पला जोडून आणखी थोडं बघितलं. पिकअपचा स्विच प्रत्येक खाचेत टाकायचा, आवाज मध्येच गेला नाही पाहिजे. व्हॉल्यूम आणि टोनचे नॉब पूर्ण फिरवायचे. थोडी खरखर म्हणजे धूळ, स्प्रेने जाते. केबलच्या टोकाशी हलकेच हलवून बघा, जॅक ढिला असेल तर आवाज तुटतो. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर अर्थिंगची तार जोडलेली आहे. मग ट्यूनरवर बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ताडून पाहिला. दाबलेला सूर चढा निघाला तर सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकते तो तुकडा) मागे घ्यायचा, उतरता निघाला तर पुढे. स्क्रूचं काम आहे, मागा आणि तिथेच करून घ्या.

तिसरा नग सगळ्यांत पास झाला. तो वाइन रंगाचा होता. भाचा कसाऱ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसला. इगतपुरीला वडापाव खाल्ल्यावर त्याने बॅगेची चेन दोन इंच उघडली, आत डोकावला, परत लावली. मग घोटीला पुन्हा उघडली. रंगाला किंमत नाही असं मी म्हणणार नाही, ज्याच्याकडे बघावंसं वाटत नाही ते वाद्य हातात घेतलं जात नाही. पण दोन नग पास असतील तरच रंगाला मत द्यायचं.

सेकंड हँड घ्यायची तर मे-जूनमध्ये शोधा. शेवटच्या वर्षाची मुलं खोल्या रिकाम्या करतात तेव्हा गाद्या, कूलर आणि गिटारी एकदमच विकायला निघतात. तिथे हेडस्टॉकच्या (खुंट्या असतात त्या टोकाच्या) मागे, नटच्या (मानेच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) जरा खाली, नख फिरवून बघा. पडलेली गिटार नेमकी तिथे तडकते आणि वरून रंग मारलेला असतो. ट्रस रॉड फिरतो का तेही विकणाऱ्यासमोरच बघायचं.

ॲम्प दहा वॉटचा पुरे, पण हेडफोनची सोय हवीच. सिडकोतल्या भिंती पातळ आहेत आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंची दुपारची झोप पातळ त्याहून. घरच्या म्युझिक सिस्टिमला गिटार थेट जोडू नका. पिकअपला दहा लाख ओहमच्या घरातला इनपुट लागतो, तिथे तो मिळत नाही, म्हणून आवाज दबका आणि बोथट येतो. आणि एक गोष्ट गंभीरपणे: जुन्या वाड्यात, अर्थिंग नसलेल्या प्लगवर ॲम्प लावून तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तिथेच थांबा. गिटार बाजूला ठेवून इलेक्ट्रिशियनला बोलवा.

सूर लावताना घरात पेटी असेल तर सोपं. जाड तारेपासून सुरू करा: पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि बारीक तार पुन्हा पांढरी तीन. भाऊजींना गिटार कळत नाही, पण पेटीवर सूर द्यायला ते रोज आठ वाजता येऊन बसतात.

वाजवून झालं की कोरड्या फडक्याने तारा पुसा, पावसाळ्यात घामाने आणि दमटीने त्या आठवड्यात काळ्या पडतात. गिटार भिंतीला टेकवून उभी ठेवू नका, स्टँडवर नाहीतर बॅगेत. आणि उन्हाळ्यात आणलेली असेल तर जुलैत पट्टी घेऊन बाराव्या फ्रेटवरची उंची पुन्हा मोजा. आमची दोनवरून सव्वादोनला गेली होती, पाव फेऱ्यात जागेवर आली.